पोपटाने टोचलेला पेरू

'पोपटाने टोचलेला पेरू गोड असतो' हे वाक्य कानावर पडल्याशिवाय आपल्याकडे कोणाचे बालपण सरत नसावे. शाळेच्या वाटेवर असा पेरू सापडला की त्याच्यासाठी मारामाऱ्या होत. माझ्या आजीचेही मत तेच आहे. पण तिच्या मताला एक शेपूट आहे. ती म्हणते, "राघूनं टोचल्यालं फळ ग्वाड आस्तंय, पर त्ये बाजारात इकत न्हाई." माझ्या या लेखाचा विषय तिच्या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे.

आमचे घर पुरंदर तालुक्यातल्या एका लहान गावात आहे. परसात दोन पेरू, एक अंजीर, एक सीताफळ, कुंपणाशी शेवगा आणि कोपऱ्यात पणजोबांच्या हातचा रायवळ आंबा. ही काही बाग नव्हे. बागायतदाराला राखण्या ठेवता येतो, सबंध बागेवर जाळी पसरता येते. परसातल्या दोन झाडांसाठी राखण्या कोण ठेवील? आणि तरीही या दोन झाडांना आमच्या घरात मोल आहे, कारण पेरूचे पैसे आईचे असतात. मृगाच्या पावसावर फुलोरा येतो, कार्तिकापासून पौषापर्यंत फळ उतरते. आई बाजाराच्या दिवशी पाटी घेऊन जाते, वाटे लावते, आणि त्यातून माझा एस.टी.चा पास निघतो. वाट्यात एक डागी फळ दिसले की गिऱ्हाईक सबंध वाटाच नाकारते, हे मी तिच्या शेजारी बसून पाहिले आहे.

मी बारावीत असताना त्या वर्षी डागी पेरूंची टोपली चांगल्या पेरूंच्या पाटीपेक्षा जड भरू लागली. पहाटे पोपटांचा थवा यायचा तो अंगणात पत्रा वाजवल्यासारखा ओरडत यायचा. तेव्हा गुन्हेगार कोण याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. चुलते म्हणाले, झाडे तोडून टाका, जागा तरी मोकळी होईल. आई काही बोलली नाही. रात्री भाकरी वाढताना मला म्हणाली, "तू कालेजात जातीस, कायतरी वाचून बघ." कॉलेजात मी मराठी आणि इतिहास शिकते. पण घरातले पहिले माणूस कॉलेजात गेले की त्याला सगळेच कळत असते अशी घरच्यांची समजूत असते, आणि ती मोडायला आपल्यालाही जिवावर येते.

तेव्हा आधी उपाय केले आणि मग रोग पाहिला, हे मी कबूल करते. क्रम उलटा होता, पण घडले तसे सांगते.

पहिला उपाय अर्थातच बुजगावणे. वडिलांचा जुना सदरा, मडक्याचे डोके. चौथ्या दिवशी एक साळुंकी त्या मडक्यावर बसून पिसे साफ करीत होती. त्यानंतर पत्र्याचा डबा. आत दगड बांधून दोरी ओट्यापर्यंत आणली आणि आजीच्या हातात दिली. आजी ओढी तोवर पाखरे उडत. आजीचा डोळा लागला की परतत. मग एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून गाण्यांच्या जुन्या चकचकीत चकत्या फांद्यांना टांगल्या. उन्हात त्या लखलखत, आणि खरोखर आठवडाभर थवा फिरकला नाही. मग मात्र एक धीट नर येऊन चकतीच्याच शेजारी बसला आणि त्याच्या मागोमाग सगळे आले.

यात नवल काही नाही, हे मला नंतर वाचनातून कळले. पक्षी भितो तो नव्या वस्तूला. ती वस्तू हलत नाही, अंगावर येत नाही, तिच्यापासून इजा होत नाही, एवढे काही दिवसांत त्याला उमगते आणि भीती सरते. म्हणून चकत्या असोत की चमकणाऱ्या फिती, त्या फळ पिकायच्या ऐन आठवड्यातच बांधाव्यात, दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलावी, आणि काम झाले की काढून ठेवाव्यात. वर्षभर टांगलेली चकती ही पोपटाच्या दृष्टीने झाडाचे एक पान होते.

चुलत्यांनी याच सुमारास मिरचीचे पाणी फवारले. लवंगी मिरची कुटून, रात्रभर भिजवून. फवारताना घरातली सगळी माणसे खोकली. पोपटांनी मात्र फळे नेहमीच्या चवीने खाल्ली. खरे तर हे आम्हांला आधीच सुचायला हवे होते, कारण पिंजऱ्यातल्या राघूला मिरची घालण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे असतो ते आपल्या तोंडातल्या आणि जनावरांच्या तोंडातल्या ज्ञानतंतूंना आग झाल्याचा निरोप देते. पक्ष्यांच्या तंतूंवर त्याचा परिणाम जवळजवळ होत नाही. मिरचीच्या झाडाचा त्यात फायदाच आहे. दाढा असलेले जनावर तिचे बी चावून टाकते. पक्षी ते अख्खे गिळतो आणि दूरवर नेऊन टाकतो. म्हणजे मिरचीने तिखट व्हायचे ठरवले ते आपल्याला दूर ठेवण्यासाठी आणि पाखरांना बोलावण्यासाठी, आणि आम्ही तीच पाखरांवर फवारत होतो! (खारींवर मात्र तिखटाचा उपयोग होतो. ती सस्तन जात आहे. पाऊस पडला की पुन्हा फवारावे लागते, एवढेच.)

शेवटी जाळे. हे लिहिताना मला अजून बरे वाटत नाही. चुलत्यांच्या ओळखीच्या एकाने धरणावर मासे धरायचे जुने नायलॉनचे जाळे दिले. बारीक, जवळजवळ न दिसणारा धागा, बोटे सहज जातील एवढी भोके. आम्ही ते मोठ्या पेरूवर टाकले आणि सैल लोंबत ठेवले. त्या दिवशी दुपारी आम्ही सगळे एका लग्नाला गेलो. दुसऱ्या दिवशी परतलो तेव्हा जाळ्यात एक बुलबुल आणि दोन साळुंक्या उलट्या लटकत होत्या. बुलबुल आणि एक साळुंकी मेली होती. दुसरीच्या पंखाभोवती धागा इतका आवळला होता की आईने विळ्याने एकेक पीळ कापला तरी तिला उडता येईना. संध्याकाळपर्यंत तीही गेली. खाली, जाळ्याच्या लोळणाऱ्या काठात एक धामण अडकली होती. ती तेवढी जिवंत सुटली. पोपट एकही नव्हता. आईने जाळे उतरवले, चुलीत घालू लागली तर आजीने त्याच्या घाण वासाने तिला थांबवले. मग ते पुरून टाकले. आई एवढेच म्हणाली, "आसला पास नगं आपल्याला."

जाळी वाईटच असते असे नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात घरच्या फळझाडांवरच्या जाळ्यांसाठी २०२१च्या सप्टेंबरपासून नियमच झाला आहे: जाळे पूर्ण ताणले तरी भोक ५ मिलिमीटर लांबीरुंदीपेक्षा मोठे असता कामा नये. म्हणजे करंगळीसुद्धा आत शिरू नये. तिथे वटवाघळे आणि पक्षी असेच अडकून मरत, म्हणून हा नियम. हे वाचले तेव्हा आमची चूक मला एकेक करून कळली. भोके मोठी होती, धागा दिसत नव्हता, जाळे ताणलेले नव्हते, काठ जमिनीवर लोळत होता, आणि सर्वांत वाईट म्हणजे पाहायला घरी कोणी नव्हते. ज्याला जाळी लावायची त्याने पांढरी, जाड धाग्याची, बारीक भोकांची लावावी. बांबूचा सांगाडा करून झाडापासून दूर ताणावी. खालून बांधून घ्यावी. आणि सकाळ-संध्याकाळ फेरी मारावी. एवढे होणार नसेल तर लावू नये.

पोपट पकडून द्या, कोणीतरी विकत घेईल, असाही एक सल्ला आला होता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पोपट पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. ओसरीवर राघूचा पिंजरा टांगलेल्या अनेक घरांना हे अजून ठाऊक नाही, आम्हांलाही नव्हते.

पुढच्या वर्षी मी या महाविद्यालयात आले. ग्रंथपालांकडे पेरूवरच्या पक्ष्यांचे पुस्तक मागितले तेव्हा ते थोडे हसले, पण त्यांनी सलीम अलींचे १९४१ साली प्रथम निघालेले भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक काढून दिले आणि सोबत मारुती चितमपल्लींचा 'पक्षीकोश' दिला. पुस्तकांत पेरूचे उत्तर नव्हते. पण पाहायचे कसे हे त्यांतून कळले. त्या कार्तिकात मी पंधरवडाभर रोज उजाडता झाडाखाली पडलेले आणि झाडावर बिघडलेले प्रत्येक फळ उचलून नीट पाहिले.

पोपटाची खूण सर्वांत ठळक. त्याची वरची चोच आकड्यासारखी आणि धारेची. ती फळातून तिरपे, खोल लचके काढते. एका फळाचे चार घास घेतो, ते टाकतो, दुसरे धरतो. खाली सालीचे आणि गराचे तुकडे विखुरलेले असतात, आणि त्यांत हिरवी, कोवळी फळेही असतात. त्याच्या पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात, त्यामुळे तो एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाने फळ हातात धरल्यासारखे धरतो. पाहायला ऐट वाटते, पण नासाडी त्यातच होते. बुलबुल आणि साळुंकी यांना हिरवे फळ फोडण्याइतके बळ नाही. ती पिकून मऊ झालेल्या फळाला गोलसर खळगा पाडतात आणि तेच फळ पुन्हा पुन्हा येऊन कोरतात. खारीचे दात निराळे: गरावर दोन-दोन समांतर चऱ्या उमटतात, सुताराने पटाशी चालवावी तशा. वाघूळ रात्री येते. ते फळ तिथे खात नाही, तोडून दुसऱ्या झाडावर नेते, चावून रस गिळते आणि चोथ्याच्या गोळ्या थुंकते. आमच्या आंब्याखाली असे पेरूचे चोथे पडत, आणि आंब्याखाली पेरू कसा आला हे कोडे घरात कित्येक वर्षे होते.

आणि मग ती फळे, ज्यांवर चोच नाही, दात नाही. नुसता टाचणीने टोचल्यासारखा ठिपका, भोवती मऊ तपकिरी वर्तुळ. फोडले की आत पांढऱ्या अळ्या. ही फळमाशी. मादी सालीखाली अंडी घालते, अळी आत वाढते, फळ गळते, अळी मातीत शिरून कोष करते आणि नवी माशी होऊन बाहेर येते. पुष्कळ वेळा अशा गळत्या फळाला साळुंकी येऊन टोचते आणि दोष तिच्या माथी बसतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: जखम ताजी, पांढरी असेल आणि आतल्या अळ्या मात्र चांगल्या पोसलेल्या असतील, तर अळी आधीची आणि टोच नंतरची. एवढी अळी एका रात्रीत वाढत नाही.

मी तीन ढीग केले: पोपटाचा, इतर प्राणिपक्ष्यांचा आणि माशीचा. पोपटाचा ढीग लहान नव्हता, ते खोटे सांगणार नाही. पण सर्वांत मोठा ढीग माशीचा निघाला. चुलत्यांनी तो दोनदा फोडून पाहिला. माशी ओरडत येत नाही, म्हणून तिच्यावर कोणाचे लक्ष नव्हते. आणि गळलेली फळे आम्ही झाडाखालीच कुजू देत होतो, म्हणजे पुढच्या माश्यांची पैदास आम्हीच करीत होतो.

इथे शाळेच्या वाटेवरच्या त्या पेरूविषयी थोडे. तो गोड का लागतो? पक्षी पिकलेले फळ निवडतो हे एक कारण. दुसरे असे की जखम झालेल्या फळातून इथिलीन नावाचा वायू अधिक सुटतो आणि फळ शेजाऱ्यांच्या आधी पिकते. म्हणजे लोकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पण ते फळ कोणी टोचले हे शाळकरी मुलाला ओळखता येत नाही, आणि वाघळाने चावलेले फळ ही आता साधी गोष्ट राहिलेली नाही. २०१८ साली केरळात कोझिकोड भागात निपाहची साथ आली; हा विषाणू फळे खाणाऱ्या वटवाघळांमध्ये वस्तीला असतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळे २०२० साली तपासली होती, त्यांतही त्याच्या खुणा सापडल्याचे २०२१ साली जाहीर झाले. घाबरून वाघळे मारत सुटावे असा याचा अर्थ नाही. अर्धवट खाल्लेले फळ, मग ते कोणी का खाल्लेले असेना, मुलांच्या हाती देऊ नये, एवढाच आहे. आजीला हे मी अजून पटवू शकलेले नाही. ती म्हणते, "आमी काय मेलो का?"

आता उपयोगी पडले ते. सर्वांत मोठा फरक पडला तो झाडाची उंची कमी केल्याने, आणि हे कोणत्याही पक्ष्याच्या पुस्तकात नव्हते. तालुक्याच्या कृषी कार्यालयातल्या एका सहायकांनी सांगितले. पेरूला फळ येते ते नव्या फुटीवर. म्हणून उन्हाळ्यात, पाणी तोडलेले असताना, वरच्या फांद्या छाटल्या तर झाडाचे नुकसान होत नाही; पावसाबरोबर खाली नवी फूट येते आणि फळ हाताशी लागते. आमची झाडे लखनौ-४९ या जातीची, जिला सरदार असेही म्हणतात. (नाव लखनौचे असले तरी तिची निवड पुण्यात गणेशखिंडीच्या फळबागेत झाली. या नावामुळे मी तिला उगाच परकी समजत होते.) ही जात मुळातच पसरणारी, त्यामुळे ती बसकी राखणे सोपे. चुलत्यांना कुऱ्हाड चालवायचीच होती. ती या कामाला लागली.

झाड हाताच्या उंचीत आले की पिशव्या बांधता येतात. फळ लिंबाएवढे झाले की त्यावर पिशवी चढवायची. वर्तमानपत्राची पिशवी परतीच्या पावसात लगदा होते, म्हणून आईने जुन्या धोतराच्या आणि पातळाच्या पिशव्या शिवल्या; तोंडाशी नाडी, आणि पाणी निथळावे म्हणून खालच्या कोपऱ्याला बारीक फट. कापडातून हवा खेळते आणि माशीला साल सापडत नाही. पोपटाने मनात आणले तर कापड फाडायला त्याला कितीसा वेळ? पण त्याला आत फळ दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या फळासाठी तो सहसा कष्ट घेत नाही. पिशवी आधीच डंख झालेल्या फळावर बांधू नये. आत अळी सुखाने वाढते. पहिल्या वर्षी आमच्याकडून हे झाले. त्याखेरीज गळलेले प्रत्येक फळ रोज उचलून शेळीला किंवा खोल खड्ड्यात. फळमाशीचे नर मिथाइल युजेनॉल या द्रव्याच्या वासाला भुलून येतात, त्याचे सापळे मिळतात. एक पेरूला टांगला आहे.

तिसरी गोष्ट वेळेवर काढणी. पेरू काढल्यावरही पिकतो. गडद हिरवा रंग उतरून पोपटी होऊ लागला की उतरवावा आणि कडब्यात ठेवावा. आंब्याची आढी हीच युक्ती आहे: पाडाला लागलेला आंबा उतरवून पेंढ्यात पिकवला, तर पाखराने टोचायला झाडावर पिकलेले फळ उरतेच कुठे? सीताफळाचेही तसेच, डोळे फाकले, मधल्या रेघा पिवळसर झाल्या की काढावे. अंजीर आणि डाळिंब मात्र झाडावरच पिकावे लागते, लवकर काढून ते गोड होत नाही. म्हणून आमचे अंजीर पहिल्या वर्षी पाखरांनी जवळजवळ सगळे संपवले, आणि आता जेवढ्या पिशव्या उरतात तेवढीच अंजिरे आम्हांला मिळतात.

राखण करायचीच झाली तर दिवसभर नको. पोपट उजाडता येतात आणि पुन्हा दुपार कलल्यावर. अंधारापूर्वी ते वस्तीच्या झाडाकडे परततात. मी सकाळी वाचायला झाडाखाली बसते. माणूस हलताबोलता असले की पुरे. या लेखाचा बराचसा भाग तिथेच लिहिला.

पक्ष्यांची बाजू मांडणारे पुष्कळदा म्हणतात की ते किडी खातात, म्हणून त्यांचे थोडे नुकसान सोसावे. हे साळुंकी-बुलबुलांच्या बाबतीत खरे आहे. साळुंकी नांगरामागून अळ्या वेचताना आपण पाहतो. पण पोपट जवळजवळ पूर्ण शाकाहारी आहे. त्याची वकिली या मुद्द्यावर टिकत नाही, आणि खोट्या पुराव्यावर कोणाला सोडवू नये असे मला वाटते. तो फळे खातो, पुष्कळ नासतो, आणि तरीही तो आमच्या झाडावर येणारच. इतके मान्य करूनच उपाय करायचे.

एवढे सगळे फळाच्या नुकसानीविषयी झाले. झाडाचे नुकसान निराळे, आणि ते करणारा पक्षी त्याहून निराळा. शेवग्याला तांबट भोक पाडतो म्हणून चुलते त्याला दगड मारीत. तांबट किंवा सुतार ठणठणीत लाकडाला हात घालत नाहीत; ते वाळलेली, पोखरलेली फांदी शोधतात. त्यांचे भोक हा रोग नव्हे, रोगाची पाटी आहे.

खरा प्रकार आमच्या आंब्यावर चालला होता. गेली काही वर्षे त्याच्या दोन फांद्या शेंड्याकडून वाळत होत्या आणि मधेच एक हिरवागार, जाड पानांचा झुडपा तरारत होता. ते बांडगूळ. हा शब्द आपण माणसांसाठी इतका वापरतो की मूळ वस्तू पाहायची राहून जाते. बांडगुळाला स्वतःची हिरवी पाने असतात, आपले अन्न ते पानांत करते. पण पाणी आणि क्षार यजमान झाडाच्या फांदीत मुळे घुसवून ओढते. ते इतक्या उंच फांदीवर पोचते कसे? फुलटोच्या नावाचा एक पक्षी आहे, जेमतेम आठ सेंटिमीटर लांब, चिमणीहून पुष्कळ लहान, मळकट रंगाचा. तो बांडगुळाची फळे गिळतो. बियांभोवती चिकट गर असतो, तो पचत नाही. थोड्याच वेळात बी चिकटपणासकट बाहेर येते, आणि ते सुटावे म्हणून पक्षी बूड फांदीला घासतो. बी तिथेच चिकटते आणि रुजते. फुलांचे परागीभवन शिंजीर करतात. सलीम अलींनी कोकणात या पाखरांचे आणि बांडगुळाचे नाते न्याहाळून १९३१ साली त्यावर लेख लिहिला होता. ज्या पाखराच्या 'चिक चिक' आवाजाकडे आमच्या घरात कोणी कधी मान वर करून पाहिले नाही, तेच आंबा वाळवणाऱ्या वेलाची पेरणी करीत होते. आणि आम्ही डबा वाजवीत होतो तो पोपटासाठी.

फुलटोच्याला हाकलता येत नाही आणि हाकलण्याचे कारणही नाही. उपाय बांडगुळावर करायचा. नुसता झुडपा ओढून काढला तर फांदीत उरलेल्या मुळांतून तो पुन्हा फुटतो. जिथे ते चिकटले आहे त्याच्या वीतभर खालून, म्हणजे खोडाच्या बाजूने, फांदीच कापावी लागते. आणि फळे धरायच्या आधी, नाहीतर तोवर पेरणी होऊन गेलेली असते. 

गेल्या माघात चुलते आंब्यावर चढले. दोन फांद्या खाली आल्या. बांडगुळाचा पाला शेळ्यांनी आवडीने खाल्ला. पेरूच्या पिशव्या आई धुऊन पत्र्याच्या ट्रंकेत ठेवते. सगळ्या फळांना त्या पुरत नाहीत, आणि छाटणीनंतरही शेंड्याला काही फळे हाताबाहेर राहतातच. ती कोणी काठीने झोडायची नाहीत, असे आईने सांगून ठेवले आहे. पहाटे थवा येतो तो आता आधी तिकडेच जातो.